अजून एक डिस्क टाक की!

मंडळी, कालची रात्र चाकणमध्ये गेली. म्हणजे मी होतो चिंचवडला माझ्याच खोलीत, पण जीव सगळा चाकणच्या एका व्हेंडरच्या सर्व्हरमध्ये अडकलेला. पावणेदोनला फोन आला. पलीकडे डिस्पॅचचे सुपरवायझर. "साहेब, लेबलच निघंना. दोन गाड्या भरून गेटवर उभ्या आहेत."

ज्यांचा या पट्ट्याशी संबंध आला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. गाड्या बनवणाऱ्या कंपन्या सुट्या भागांचा फारसा साठा ठेवत नाहीत. माल व्हेंडरकडून लागेल तसा, तासांच्या हिशोबाने येतो. प्रत्येक बिनवर बारकोडचं लेबल हवं. लेबल नाही तर माल कितीही चांगला असो, आत घेत नाहीत. आणि माल नाही म्हणून तिकडची लाईन थांबली, तर डेबिट नोट व्हेंडरच्या नावाने. थोडक्यात, लेबल छापणारा सर्व्हर कोपऱ्यात धूळ खात पडलेला असला तरी अख्ख्या प्लांटचा श्वास त्याच्यावर चालतो.

लॉगिन केलं, 'डीएफ' मारलं. रूट फाइल सिस्टीम १०० टक्के भरलेली. पोटात गोळा आला, कारण बरोब्बर पाच आठवड्यांपूर्वी हाच सर्व्हर असाच भरला होता आणि तो मीच 'दुरुस्त' केला होता. कसा? व्हर्च्युअल मशीनला २०० जीबीची नवी डिस्क जोडली, तीन कमांड मारल्या, फाइल सिस्टीम वाढवली, तिकीट बंद. सहा मिनिटं! टीम मीटिंगमध्ये कौतुकसुद्धा झालं होतं.

काल मॅनेजरना फोन लावला तर झोपेतूनच उत्तर आलं, "अरे, अजून एक डिस्क टाक की!"

नाही टाकली. 'डीयू' लावून एकेक डिरेक्टरी मोजत बसलो. दहा मिनिटांत बकासुर सापडला. लेबलच्या सॉफ्टवेअरचा डीबग लॉग! कधीतरी कुणीतरी टेस्टिंगसाठी चालू केला आणि बंद करायचा राहिला. छापलेल्या प्रत्येक लेबलाचा सगळा डेटा त्यात उतरत होता. म्हणजे पाच आठवड्यांपूर्वी मी दुरुस्ती वगैरे काही केली नव्हती, बकासुराला गाडाभर अन्न पोचवून आलो होतो.

फाइल उडवली. 'डीएफ' तरीही १००! नवखा माणूस इथे घाबरतो. युनिक्समध्ये एखादा प्रोग्रॅम फाइल उघडून बसला असेल, तर 'आरएम' फक्त तिचं नाव पुसतं. प्रोग्रॅम ती सोडेपर्यंत जागा सुटत नाही. 'एलएसओएफ'ने खात्री करून घेतली, सर्व्हिस रीस्टार्ट केली आणि हुश्श! तीन वाजून वीस मिनिटांनी गाड्या गेटबाहेर पडल्या.

सुपरवायझरांना काय झालं होतं ते सांगितलं. ते जरा गप्प झाले. मग म्हणाले, "मागच्या वेळी पण हेच होतं का साहेब?"

"हो."

"मग त्या पोराचं काही नव्हतं तर."

कोणतं पोरगं? तर मागच्या वेळी प्रिंटरवर एक कंत्राटी पोरगा होता. त्याच्या हातात असताना छपाई थांबली, म्हणजे त्यानेच काहीतरी खटपट केली असणार असं सगळ्यांनी ठरवलं आणि आठवडाभर त्याचा गेटपास थांबला. आठवड्याचा पगार गेला. माझ्या रिपोर्टात कारणापुढे दोनच शब्द होते : 'जागा कमी'. ती जागा कोणी खाल्ली हे शोधून लिहिलं असतं, तर त्याच्याकडे कुणी बोट दाखवलं नसतं. त्यानंतर काही मला झोप आली नाही.

म्हणून आज या 'डिस्क टाक की' वृत्तीशी भांडायचंय.

एकेकाळी युनिक्सवर चालू फाइल सिस्टीम वाढवणं हा प्रकारच नव्हता. बनवताना जो आकार दिला तो दिला. जागा संपली की सगळं टेपवर उतरवा, मोठ्या डिस्कवर नवी फाइल सिस्टीम बनवा, टेपवरून परत भरा. रविवार त्यातच जायचा. त्यामुळे झक मारत का होईना, माणूस आधी बघायचा की भरलंय कशाने. मग लॉजिकल व्हॉल्यूम मॅनेजर आला. आयबीएमच्या एआयएक्समध्ये तो १९९० मध्येच होता, लिनक्सवर नव्वदीच्या दशकाअखेर आला. आता नव्या डिस्कवर 'पीव्हीक्रिएट' करायचं, 'व्हीजीएक्स्टेंड'ने तिला जुन्या व्हॉल्यूम ग्रुपमध्ये घ्यायचं आणि 'एलव्हीएक्स्टेंड'ने व्हॉल्यूम ताणायचा. शेवटच्या कमांडला 'आर'चा पर्याय दिला की फाइल सिस्टीमही सोबतच वाढते. मशीन चालू, लोक काम करतायत, कुणाला पत्ताही नाही.

सोय झकास आहे. मला तिच्याबद्दल तक्रार नाही. तक्रार अशी आहे की वाढवणं जितकं सोपं झालं तितकं मागे येणं सोपं झालेलं नाही. रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्समध्ये आवृत्ती ७ पासून, म्हणजे २०१४ पासून, एक्सएफएस डीफॉल्ट आहे. ती वाढते, पण रोजच्या व्यवहारात आकसत नाही. लहान करायची तर पुन्हा तेच : बॅकअप, नवी फाइल सिस्टीम, रिस्टोअर. ईएक्सटी४ आकसते, पण अनमाउंट करून. आणि चालत्या मशीनची रूट अनमाउंट करणार कशी? म्हणजे सहा मिनिटांत घेतलेला निर्णय त्या मशीनच्या आयुष्याला चिकटला.

आपल्या पिंपरी-चिंचवडचंच बघा ना. १९७० मध्ये नगरपालिका, १९८२ मध्ये महापालिका, १९९७ मध्ये आजूबाजूची आणखी गावं आत. हद्द कागदावर एका अधिसूचनेने वाढते. पाणी, रस्ते, ड्रेनेज मागून येत राहतात, वर्षानुवर्षं. फाइल सिस्टीमची हद्द वाढवली की तिलाही मागून बॅकअप लागतो, मॉनिटरिंग लागतं. ते कोण वाढवणार? तिकिटात तो रकानाच नाही.

इथे नेहमीचा मुद्दा येतो : "डिस्क स्वस्त आहे रे, इंजिनीअरचा वेळ महाग आहे." ठीक. हिशोब करू. सेकंदाला १०० एमबीच्या वेगाने ५०० जीबी रिस्टोअर करायला ५,००० सेकंद लागतात, साधारण दीड तास. तेच ४ टीबी करायला ४०,००० सेकंद, म्हणजे ११ तास. एक शिफ्ट ८ तासांची. कचऱ्यासकट वाढवत नेलेली फाइल सिस्टीम ज्या दिवशी खरोखर मोडेल त्या दिवशी एक अख्खी शिफ्ट आणि दुसरीतले तीन तास हातावर हात ठेवून बसायचं, तेही निम्मं रिस्टोअर जुन्या लॉगचं चाललेलं असताना! त्यातून टेबलाखालच्या खऱ्याखुऱ्या मशीनमध्ये रेडशिवाय दुसरी डिस्क खोचून तीच फाइल सिस्टीम दोघींवर पसरवली असेल, तर मग विचारूच नका. दोघींतली कुठलीही एक गेली की फाइल सिस्टीम गेली. जागा वाढली आणि धोकाही वाढला, पण रिपोर्टात फक्त जागा दिसते.

दुसरा मुद्दा जास्त प्रामाणिक आहे : "गेटवर गाड्या उभ्या असताना तुझं तत्त्वज्ञान कोण ऐकणार?" हे मान्य. यासाठी टोयोटाचं उदाहरण बघा. २९ ऑगस्ट २०२३ ला जपानमधले त्यांचे सगळे १४ असेंब्ली प्लांट थांबले. लोकांना वाटलं सायबर हल्ला. कंपनीने पुढे जाहीर केलेलं कारण वेगळंच होतं. २७ तारखेला देखभालीचं काम चालू असताना डेटाबेसमध्ये साचलेला डेटा काढून नीट लावला जात होता, त्यात डिस्कची जागा अपुरी पडली आणि सुट्या भागांच्या ऑर्डरी हाताळणारे सर्व्हर बंद पडले. बॅकअपचे सर्व्हर त्याच सिस्टीमवर, त्यामुळे तिथेही तेच. २९ तारखेला डेटा जास्त क्षमतेच्या सर्व्हरवर हलवला तेव्हा गाडी रुळावर आली.

आता कुणी म्हणेल, बघ, शेवटी मोठी डिस्कच कामाला आली! आली ना. लाईन थांबलेली असताना मीही जागा आधी देईन, प्रश्न नंतर विचारीन. पण साफसफाई करायलाही जागा लागते, आणि ती ऐन वेळी शिल्लक नव्हती, हे त्यातलं खरं शिकण्यासारखं. आपण मात्र 'एलव्हीएक्स्टेंड' करताना व्हॉल्यूम ग्रुपमधली उरलेली १०० टक्के मोकळी जागा एका दमात देऊन टाकतो. का? तर इंटरनेटवरच्या उदाहरणात तसं लिहिलंय म्हणून! ईएक्सटी फाइल सिस्टीम बनवताना ५ टक्के जागा रूट युजरसाठी आपोआप राखून ठेवली जाते. ती बनवणाऱ्यांना ठाऊक होतं की सगळं भरल्यावरही कुणाला तरी आत शिरून आवराआवर करावी लागणार. आपल्या आज्या डब्याच्या तळाशी चार मुठी तांदूळ ठेवायच्या, तेच हे.

म्हणून माझं म्हणणं इतकंच. डिस्क जोडायच्या आधी 'डीयू'ने बघा काय वाढतंय. 'डीएफ'ला 'आय'चा पर्याय देऊन आयनोड बघा, लाखो चिमुकल्या फाइलींनी ते संपले तर जागा असूनही 'जागा नाही' असाच एरर येतो. पुसलेल्या पण उघड्या फाइली बघा. सगळं मिळून पंधरा मिनिटांचं काम. खरंच जागा हवी असेल तर डिस्क जरूर टाका, पण रूटला ताणू नका. जे वाढतंय, मग तो लॉग असो की डेटा, त्याला स्वतःचा व्हॉल्यूम द्या, म्हणजे भरला तरी तो एकटा भरेल, लेबलं छापली जातील. आणि व्हॉल्यूम ग्रुपमध्ये थोडी जागा मुद्दाम कुणालाच न देता ठेवा. गाड्या निघाल्या की त्या रात्रीचं काम संपलं. तिकीट मात्र कारण सापडेपर्यंत उघडं राहू द्या.

अडचण कमांडची नाहीच. सहा मिनिटांत बंद झालेलं तिकीट रिपोर्टात हिरवं दिसतं, अप्रेझलला मोजलं जातं. पंधरा मिनिटं खर्चून न टाकलेली डिस्क कुठेच मोजली जात नाही. आम्ही हिरवे होत राहतो आणि हिशोब गेटवरचं कुणीतरी चुकतं करतं.

असो. सोमवारी ते पाच आठवड्यांपूर्वीचं तिकीट परत उघडणार आहे. 'जागा कमी' खोडून डीबग लॉगचं लिहिणार, आणि त्याची प्रत सुपरवायझरांना पाठवणार, त्या पोराच्या नावासकट. नाव मी काल रात्रीच विचारून घेतलंय. माझा सहा मिनिटांचा आकडा बिघडेल त्याने. बिघडू दे.