खिचडीला राजमुद्रेची गरज काय?

नोव्हेंबर २०१७मध्ये राजधानी दिल्लीत एका भल्यामोठ्या कढईत ९१८ किलो खिचडी शिजली. केंद्रीय अन्नप्रक्रिया उद्योग मंत्रालयाने भरवलेल्या 'वर्ल्ड फूड इंडिया' या मेळाव्यातील तो एक उपक्रम होता. सुप्रसिद्ध पाककलातज्ज्ञ संजीव कपूर यांच्या देखरेखीखाली तांदूळ, मुगाची डाळ, ज्वारी, बाजरी, नाचणी आणि भाज्या घालून ही खिचडी सिद्ध झाली आणि गिनीज बुकात तिच्या विक्रमाची नोंदही झाली. परंतु खिचडी चुलीवर चढण्याआधीच तिच्यावरून वादाला उकळी फुटली होती. सरकार खिचडीला 'राष्ट्रीय पदार्थ' म्हणून घोषित करणार, अशी वार्ता पसरली आणि दोन दिवस देशात जणू दुसरा विषयच उरला नाही. अखेर तत्कालीन मंत्री हरसिम्रत कौर बादल यांना खुलासा करावा लागला, की खिचडी केवळ विक्रमासाठी निवडली आहे, तिला कोणताही राष्ट्रीय दर्जा देण्याचा विचार नाही. वाद शमला. मात्र त्यातून निर्माण झालेला प्रश्न आजही विचार करण्याजोगा आहे. एखादा पदार्थ राष्ट्रीय कशामुळे ठरतो? आणि तो ठरवायचा कोणी?

त्या वेळी विरोधकांचा आक्षेप असा होता, की शंभर कोसांवर पाणी आणि वाणी बदलणाऱ्या या देशात एकच पदार्थ सर्वांच्या माथी मारणे म्हणजे विविधतेवर घाला घालणे होय. काहींनी तर खिचडी म्हणजे आजाऱ्याचे जेवण, ते राष्ट्राचे प्रतीक कसे व्हावे, अशी खिल्लीही उडवली. समर्थकांचे म्हणणे असे, की खिचडी स्वस्त आहे, सात्त्विक आहे, श्रीमंत-गरीब दोघांच्या घरी शिजते, मग तिला हा मान का देऊ नये? दोन्ही बाजूंचा आवेश मोठा होता. पण दोघांनीही एक गोष्ट न तपासताच गृहीत धरली होती. ती म्हणजे, राष्ट्रीयत्व हा सरकारने बहाल करायचा किताब आहे.

जगाचा अनुभव काय सांगतो? थायलंडमध्ये फील्ड मार्शल फिबूनसोंगक्राम यांच्या राजवटीत, १९३८ ते १९४४ या काळात, 'पाड थाई' या शेवयांच्या पदार्थाला शासनाने हेतुपुरस्सर प्रोत्साहन दिले. मूळच्या चिनी शेवयांना थाई रूप देऊन राष्ट्राची ओळख घडवण्याचा तो प्रयत्न होता. ब्रिटनचे तत्कालीन परराष्ट्रमंत्री रॉबिन कुक यांनी २००१ साली एका भाषणात 'चिकन टिक्का मसाला' हा खरा ब्रिटिश राष्ट्रीय पदार्थ असल्याचे सांगितले आणि तेथेही बरीच चर्चा झडली. 'हुमुस' आमचेच, या ईर्ष्येने लेबनॉनने मे २०१०मध्ये १०,४५२ किलोंची थाळी भरली. हा आकडा त्या देशाच्या चौरस किलोमीटरमधील क्षेत्रफळाइतका होता. म्हणजे अन्नातून अस्मिता व्यक्त करण्याची हौस एकट्या दिल्लीला आहे, असे मानण्याचे कारण नाही.

पण या साऱ्यांहून अंतःकरणाला भिडणारे उदाहरण कॅरिबियन समुद्रातील हैती या छोट्या देशाचे आहे. फ्रेंच अमलात तेथील गुलाम आपल्या मालकांसाठी भोपळ्याचे एक कढणासारखे सूप करीत. ते रांधायचे त्यांनी, चाखण्याची मात्र त्यांना मनाई. १ जानेवारी १८०४ रोजी हैती स्वतंत्र झाला आणि त्या दिवसापासून हेच 'सूप जुमू' प्रत्येक घरात स्वातंत्र्याची खूण म्हणून शिजू लागले. युनेस्कोने २०२१ साली त्याचा समावेश मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत केला. युनेस्कोची मोहोर उमटली ती दोन शतकांनंतर. राष्ट्राने तो पदार्थ त्याआधीच आपला मानला होता. सामूहिक स्मृती आणि प्रत्यक्ष आचरण यांतून जे राष्ट्रीय ठरते, त्याला अधिसूचनेची वाट पाहावी लागत नाही.

ही कसोटी खिचडीला लावून पाहावी. मकरसंक्रांतीच्या दिवशी उत्तर प्रदेश-बिहारमध्ये जो सण साजरा होतो, त्याचे लोकांच्या तोंडचे नावच 'खिचडी' आहे. गोरखपूरच्या गोरखनाथ मंदिरात त्या दिवशी लाखो भाविक तांदूळ-डाळीची खिचडी अर्पण करतात. त्याच सुमारास, त्याच सूर्यसंक्रमणाच्या निमित्ताने, तमिळनाडूच्या अंगणात नव्या तांदळाचे भांडे उतू जाते. त्या पदार्थाचे नाव 'पोंगल' आणि सणाचे नावही 'पोंगल'. मूळ जिन्नस पाहावेत तर तांदूळ आणि मुगाची डाळ. एकीकडे मीठ-हिंग, दुसरीकडे गूळ किंवा मिरी, एवढाच फरक. दोन हजार किलोमीटरचे अंतर, दोन भिन्न भाषा, आणि एकाच पर्वाला दोघांनीही पदार्थाचेच नाव द्यावे, हे कोणत्या सरकारच्या आदेशाने घडले?

संस्कृत ग्रंथांतील 'कृसरा' ही या पदार्थाची पूर्वज. चौदाव्या शतकात आलेल्या इब्न बतूताने मूग-तांदूळ शिजवून तुपाबरोबर न्याहारीला खाण्याची येथील रीत नोंदवली आहे. अबुल फज्लच्या 'आईन-ए-अकबरी'त खिचडीची कृती सापडते आणि गुजरातेत बाजरीची खिचडी जहांगीरला आवडल्याचा उल्लेख त्याच्या आत्मवृत्तात येतो. या भूमीवर आलेल्या प्रत्येकाला खिचडीच्या पंक्तीला बसावे लागले. इंग्रजांनी तर तिच्यात मासे-अंडी घालून 'केजरी' नावाने ती आपल्या न्याहारीच्या टेबलावर नेली.

बंगालमध्ये दुर्गापूजेचा भोग खिचडीचा. पुरीच्या जगन्नाथाला कर्माबाईने वात्सल्याने भरवलेली खिचडी तर भक्तिपरंपरेतच अजरामर झाली. राजस्थानात ती बाजरीची, हिमाचल-उत्तराखंडात उडदाची, कर्नाटकात भाज्या-चिंच घातलेली 'बिसी बेळे भात', गुजरातेत कढीच्या सोबतीची. आपल्याकडे तुरीच्या डाळीची खिचडी, भाजलेला पापड आणि लोणचे एवढ्यावर रविवारची संध्याकाळ भागते. उपवासाच्या दिवशी साबुदाणाही 'खिचडी' होऊनच ताटात येतो. ज्या कंदापासून तो बनतो तो मूळचा दक्षिण अमेरिकेतला. पण आपल्या आजीने त्याला एकादशीच्या व्रतात बसवले आणि तो परका राहिला नाही.

सर्वांत हृदयस्पर्शी खिचडी मात्र काश्मिरी पंडितांची. पौष अमावस्येला, 'खेचमावस'च्या रात्री, यक्षासाठी खिचडीचा नैवेद्य घराबाहेर ठेवण्याची त्यांची पूर्वापार रीत आहे. १९९०च्या दशकात या समाजाला आपली घरे सोडून परागंदा व्हावे लागले. ज्या अंगणाच्या भिंतीवर तो नैवेद्य ठेवायचा, ती भिंतच मागे राहिली. तरीही जम्मूच्या छावण्यांत आणि दिल्लीच्या सदनिकांत त्या रात्री खिचडी शिजत राहिली. घर हिरावले गेले तरी पातेल्यातला धर्म हिरावता आला नाही. राष्ट्रीय पदार्थ याहून वेगळा कोणता असतो?

येथेच विरोधकांच्या आक्षेपाचे उत्तर मिळते आणि अतिउत्साही समर्थकांनाही सावध व्हावे लागते. खिचडी सर्वत्र आहे, कारण ती सर्वत्र सारखी नाही. तिच्यात दाणा दाण्यात मिसळतो, पण कोणाची चव पुसली जात नाही. एकता आणि एकसारखेपणा यांतला भेद समजावण्यासाठी याहून सोपे उदाहरण नाही. उद्या तिची एखादी 'अधिकृत' पाककृती राजपत्रात छापली गेली, तर बाजरीची खिचडी अनधिकृत ठरायची आणि पोंगलला अर्ज करावा लागायचा! जे समाजाने शतकानुशतके मोकळेपणाने जपले, त्याला चौकट घालण्यात गौरव नसून संकोच आहे.

मग सरकारला आणि समाजाला या बाबतीत कर्तव्यच नाही काय? निश्चित आहे, आणि ते घोषणेपेक्षा कितीतरी कठीण आहे. खिचडीचा आत्मा डाळीत आहे. तांदळात लायसिन कमी, डाळीत मेथिओनिन कमी. दोन्ही एकत्र आले की एकाची उणीव दुसरा भरून काढतो. आहारशास्त्राने हे अलीकडे सांगितले, आपल्या घरांनी ते आधीच आचरले. परंतु १९५१ साली या देशात दरडोई दररोज सुमारे ६० ग्रॅम डाळ उपलब्ध होती, ती २०१०पर्यंत ३५ ग्रॅमवर उतरली. त्यानंतर परिस्थिती काहीशी सुधारली, तरी जगात सर्वाधिक डाळ पिकवणारा हा देश डाळींचा मोठा आयातदारही आहे. २०२४-२५मध्ये ही आयात ७० लाख टनांच्या वर गेली. मसूर कॅनडा-ऑस्ट्रेलियाची, तूर मोझांबिक-म्यानमारची, आणि खिचडी मात्र राष्ट्रीय! हा विरोधाभास कोणत्याही विक्रमी कढईत झाकला जाणार नाही. ऑक्टोबर २०२५मध्ये ११,४४० कोटी रुपयांचे कडधान्य आत्मनिर्भरता अभियान सुरू झाले, हे योग्य दिशेने टाकलेले पाऊल आहे. त्याचे यश मात्र विदर्भ-मराठवाड्यातल्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या तुरीला मिळणाऱ्या भावावरच मोजले जाईल.

खिचडीचा खरा विक्रम दिल्लीत झालाच नाही. तो खेड्यापाड्यांतल्या शाळांत रोज होत आला आहे. १९९५मध्ये देशभर शालेय पोषण आहार योजना सुरू झाली. पुढे २००१ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने मुलांना शिजवलेले अन्न मिळू लागले, आणि ग्रामीण महाराष्ट्रात लोकांनी त्या योजनेलाच 'खिचडी' म्हणून टाकले. एका रांगेत बसून, जात-पात न विचारता, एकाच पातेल्यातले अन्न खाणारी ती मुले उद्याचा भारत घडवणार आहेत. त्या पातेल्यातली डाळ दाट असावी, ती स्वदेशातल्या शेतात पिकलेली असावी आणि ती शिजवणाऱ्या मावशींना वेळेवर मानधन मिळावे, एवढे साधले तरी पुरे आहे. खिचडीला राजमुद्रेची गरज नाही. गरज आहे ती या देशातले एकही ताट तिच्यावाचून रिकामे राहू नये, याची.