दात, वजन आणि रुमाल

जयपूरमधील झोटवाड्याच्या औद्योगिक वसाहतीतून, जेथे मालाची किंमत वजनकाट्यावर मुकाट्याने ठरते, पश्चिमेस नागौरकडे निघालेल्या प्रवाशास माघातील रामदेव पशुमेळ्यात मूल्यनिर्णयाची सर्वस्वी निराळी पद्धत दिसते. बैल कोणी तोलत नाही. जबडा उघडून, दातांवरून वय ताडण्यासाठी, तो दोनदाती, चौसा की जुळलेला हे पाहतात, चाल, खूर व वशिंड निरखतात. आपल्याकडील जुन्या बाजारांत तर गुरांचे व्यापारी हेडे रुमालाखाली एकमेकांची बोटे दाबून सौदा पटवीत, म्हणजे भोवतालच्या गिऱ्हाइकांस आकड्याचा सुगावा लागू नये.

अमेरिकेत मांसासाठी गुरे मका चारून पुष्ट करणाऱ्या प्रचंड गोठ्यांचा वासरे-खरेदीचा व्यवहार याहून रुक्ष, परंतु अधिक धूर्त. दर शंभर पौंडांमागे ठरतो, वाटेत होणारी घट आगाऊ वजा होते, आणि कराराहून भारी वासरू आले तर पौंडाचा दर उतरतो. कारण वजन वाढविण्यातील नफा गोठेवाल्यास स्वतःसाठी हवा असतो!

नागौरी बैलाचा ग्राहक मात्र शेतकरी होता, आणि त्याला कोवळे गोऱ्हे घेऊन ते हाताखाली तयार करायचे असत. ट्रॅक्टरने त्याची गरज घटविली. उरलीसुरली मागणी खुंटली ती 1995 च्या राजस्थान गोवंश कायद्याच्या अंमलात तीन वर्षांखालील वासरांच्या परराज्यगमनावर आलेल्या बंदीने. हेतू गोरक्षणाचा खरा. पण ज्या गोऱ्ह्यास गिऱ्हाईक नाही त्याच्या वैरणीचा खर्च कोणाच्या खाती मांडायचा, याचा खुलासा सरकारदप्तरी आढळत नाही.