कोडिंग शाळेत आले, भाषेचे काय?

डिचोली तालुक्यातील नार्वेसारख्या गावातील मुलांनाही संगणकाला आज्ञा देण्याचे तंत्र शाळेतच शिकता यावे, हा गोवा सरकारच्या ‘केअर्स’ योजनेचा हेतू आहे. तंत्रशिक्षण संचालनालयामार्फत राबविल्या जाणाऱ्या या योजनेत सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांना कोडिंग व रोबोटिक्स शिकविले जाते. खासगी शिकवणी न परवडणाऱ्या कुटुंबांसाठी ही मोलाची संधी आहे.

मात्र भाषेचा प्रश्न उरतो. सरकारी प्राथमिक शाळांतील मुले सर्वसाधारणपणे चौथीपर्यंत मराठी वा कोकणीतून शिकतात. पाचवीपासून माध्यम बहुतांशी इंग्रजी होते. ते अंगवळणी पडण्याआधीच सहावीत कोडिंग येते. ‘जर-तर’चा तर्क उमगलेले मूलही मग इंग्रजी सूचनेपाशी अडखळू शकते.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या टप्प्यावर कोडिंगची शिफारस आहे, तशीच शक्यतो आठवीपर्यंत मातृभाषेतून शिकविण्याचीही. पहिलीची अंमलबजावणी होत असताना दुसरी मागे पडू नये. मराठी-कोकणीतून स्पष्टीकरण आणि द्विभाषिक कार्यपुस्तिका एवढी सोय झाली, तरी ग्रामीण विद्यार्थ्यांची वाट बरीच सुकर होईल.