कॅसेटवर नाव कुणाचं?

मासेमारी बंद असते त्या दोन महिन्यांत, १ जून ते ३१ जुलै, आमच्या किनाऱ्यावरच्या बायकांना दुपारची जरा उसंत मिळते. उसंत म्हणजे लिलाव नसतो, बर्फासाठी धावपळ नसते, पाटी घेऊन गाडी गाठायची नसते. बाकी सगळं असतंच. अलिबाग तालुक्यातल्या आमच्या गावात महिला मंडळाची बैठक याच दिवसांत चांगली भरते. गेल्या पावसाळ्यात अशाच एका बैठकीत, ठरलेले विषय संपल्यावर, मी घरून आणलेला टेपरेकॉर्डर मध्ये ठेवला आणि एक जुनी कॅसेट लावली. निवडक कोळीगीतांचं संकलन. कॅसेटींचा धंदा नुकताच भरात आला होता, तेव्हा माझ्या भावाने बाजारातून आणलेलं. पंधरा-वीस जणी होत्या. ठरलं असं, की दोन्ही बाजू पूर्ण ऐकायच्या आणि मग प्रत्येकीने मत सांगायचं. गाणी आपल्यावर केलेली, मग आपल्याला कुणी कधी विचारलं होतं का, कशी वाटतात म्हणून?

मैत्रिणींनो, तुमच्यापैकी काहींना वाटेल की पाणी, रेशन, मारहाण हे प्रश्न असताना ही गाण्यांची चैन कशाला? मलाही आधी तसंच वाटत होतं. तरीही कॅसेट नेली, त्याला माझं एक घरगुती कारण होतं. ते पुढे सांगते. आधी बायका काय म्हणाल्या ते ऐका.

पहिली बोलली ती रोज मासळी विकणारी, चाळिशीची बाई. म्हणाली, "गानी बरी हायत. पन त्यात आमी नुसत्या नाचताव. काम कुटं करताव?" सगळ्या हसल्या, पण मुद्दा नेमका होता. या कॅसेटमधला पुरुष डोलकर आहे, नाखवा आहे, दर्याचा राजा आहे. त्याच्या धंद्याचा मान गाण्यात आहे. बाई मात्र नथ, गजरा आणि लुगडं. आता डोल म्हणजे काय ते आपल्याला ठाऊक आहे. भरती-ओहोटीच्या ओढीत लावायचं पिशवीसारखं जाळं. त्यात मुख्यतः बोंबील आणि जवळा येतो. तो किनाऱ्याला लागला की पुढचं सगळं बाईचं. निवडायचं, धुवायचं, बोंबलांची तोंडं एकमेकांत अडकवून जोडी-जोडीने बांबूवर वाळत घालायची, जवळा उन्हात पसरायचा, कावळ्या-कुत्र्यांपासून राखायचा आणि बाजारात नेऊन त्याचे पैसे करायचे. घरात रोख येते ती तिच्या हातून. ही बाई दोन्ही बाजूंच्या एकाही गाण्यात नव्हती.

दुसरं मत एका म्हातारीचं. "ही आमची बोली नाय. कुनीतरी लांबून ऐकून केलेली." ण चा न आणि ळ चा ल केला, शेवटी 'गो' लावला की झालं कोळीगीत, असा समज शहरात आहे खरा.

पण तिसरं मत अगदी उलट निघालं आणि ते मी मुद्दाम लिहिते, कारण बैठकीत आपण एकाच सुरात बोलायला लागलो की असं मत दबून जातं. कॅसेटवर 'वादळवारं सुटलं गो' हे गाणं होतं. ते सुरू झालं आणि बायका गप्प झाल्या. वादळात होडी लोटलेली आणि मागे काठावर बाई. ११ नोव्हेंबर २००९ ला फयान वादळ आलं त्या रात्री ज्यांच्या घरातली माणसं समुद्रावर होती, त्यातली एक आमच्यात बसली होती. ती एवढंच म्हणाली, "ह्ये खरं हाय." हे गाणं शांता शेळके यांचं, संगीत हृदयनाथ मंगेशकरांचं, आवाज लता मंगेशकरांचा. शांताबाई कोळी नव्हत्या, किनाऱ्यावरच्याही नव्हत्या. त्यांचा जन्म इंदापूरचा. तरी काठावरच्या बाईची काळजी त्यांना लिहिता आली. म्हणजे 'बाहेरच्याने लिहिलं म्हणून खोटं' असा सरसकट निकाल देता येत नाही, हे आमच्या म्हातारीलाही पटलं.

चौथं मत कॉलेजात जाणाऱ्या मुलीचं. ती जरा चिडूनच म्हणाली, "मावशी, प्रत्येक गोष्टीची बैठक कशाला करायची? हळदीला आम्ही नाचतो ती एक रात्र आमची असते. कोणी काही बोलत नाही, घरी लवकर ये म्हणत नाही. त्या गाण्यांत काय आहे ते आम्ही बघत नाही." तिचं म्हणणं खोडून काढावं असं मला वाटलं नाही. ज्या बाईला वर्षभर कुणी विनाकारण हात हलवू देत नाही, तिला ढोलकीवर मोकळं होऊ देणारं गाणं ही लहान गोष्ट नाही. मात्र तीच मुलगी पुढे म्हणाली की हल्ली हळदीत डीजेवर जे लावतात, त्यातल्या काही गाण्यांना ती नाचणं थांबवून बाजूला जाते. त्यापेक्षा ही जुनी कॅसेट बरी.

आता माझं कारण. कॅसेटच्या दुसऱ्या बाजूला एक नाचाचं गाणं आहे. त्याच्या कोरसमध्ये तीन बायकांचे आवाज आहेत. त्यातला सगळ्यात वरच्या पट्टीतला, जरा चिरका आवाज माझ्या आतेचा आहे.

आते धवलारीण होती. आगरी-कोळी समाजाबाहेरच्या मैत्रिणींसाठी सांगते. आमच्याकडे लग्नात धवले म्हणतात. हळदीपासून पुढच्या एकेका विधीचं गाणं ठरलेलं असतं आणि ते म्हणणारी बाई म्हणजे धवलारीण. ती नुसती गाणारी नव्हे. आता काय करायचं, कुणी पुढे यायचं, देवांना कोणत्या क्रमाने बोलवायचं, हे तिच्या गाण्यातून ठरतं. भटजीशिवाय, धवलारणीच्या तोंडून लग्नं लागत आली आहेत. पौरोहित्याचा अधिकार बाईला हवा की नको यावर शहरात परिसंवाद झाले, तेव्हा आमच्या मांडवात अक्षरओळख नसलेली बाई तो अधिकार चालवत होती. आणि 'धवळे' हा शब्द मराठीत किती जुना आहे पाहा. तेराव्या शतकातल्या महानुभाव पंथाच्या महदंबेचे धवळे प्रसिद्ध आहेत. मराठीतली पहिली ज्ञात कवयित्री म्हणून आपण तिचं नाव घेतो. तीही लग्नाचीच गाणी.

तर, आतेला आणि आणखी दोघींना कुणीतरी मुंबईला रेकॉर्डिंगला नेलं. रेवसहून लाँच, मग भाऊचा धक्का, मग कुठलासा स्टुडिओ. आतेने तिथे एका धवल्याची चाल म्हणून दाखवली. ती त्या लोकांना आवडली. तिची लय वाढवली, खाली ढोलकी आणि की-बोर्ड घातला, शब्द बदलले आणि नाचाचं गाणं तयार झालं. दिवसभर गाऊन घेतलं. जाण्या-येण्याचा खर्च आणि एकेक साडी दिली. कॅसेट आली तेव्हा वेष्टनावर गायकाचं नाव आणि फोटो होता, संगीत संयोजकाचं नाव होतं. गीत आणि चाल यांपुढे लिहिलं होतं, 'पारंपरिक'. आणि बायकांसाठी, 'कोरस'.

आते आता नाही. पण गावात हळद असली की रात्री लाऊडस्पीकरवरून तिचा आवाज येतो. मी बैठकीत सांगेपर्यंत आमच्याच गावातल्या निम्म्या बायकांना तो कुणाचा हे ठाऊक नव्हतं.

'पारंपरिक' या शब्दावर मी त्या दिवसापासून विचार करते आहे. परंपरा म्हणजे कुणाचीच नाही, असा त्याचा अर्थ बाजाराने करून घेतला आहे. खरं तर परंपरा म्हणजे अनेक जणींची. आणि त्यातली एक तरी त्या दिवशी स्टुडिओत उभी असते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ ला दुरुस्ती झाली आणि ती १९९५ पासून लागू झाली. तिने गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांना, म्हणजे कलावंतांना, त्यांच्या सादरीकरणावरचा हक्क दिला. २०१२ च्या दुरुस्तीने, व्यापारी वापर झाल्यास त्यांना मानधनाचा वाटाही मान्य केला. म्हणजे गीत पारंपरिक असलं तरी गळा पारंपरिक नसतो, हे कायद्यालाही कळलं आहे. पण हक्क मागायचा तर आधी आवाज कुणाचा हे कुठेतरी लिहिलेलं हवं. 'कोरस' या नावाने कुणी दावा कसा लावणार?

नावाचं महत्त्व शांताबाईंच्याच उदाहरणातून दिसतं. आकाशवाणीवर गाण्याआधी गीतकाराचं नाव सांगण्याची पद्धत होती, म्हणून 'मी डोलकर' त्यांचं आहे हे घराघरांत कळलं. त्याच शांताबाईंनी काही चित्रपटगीतं 'डॉ. वसंत अवसरे' या पुरुषी नावाने लिहिली. म्हणजे सुशिक्षित, नामवंत कवयित्रीचं नावही कधी झाकलं जातं. मग आमच्या आतेचं काय?

हे फक्त आपल्याकडचं आहे असंही नाही. मैत्रिणीच्या मुलीने मला 'क्रॅम्प्स' या अमेरिकन बँडचं १९८३ मधलं 'ऑफ द बोन' हे संकलन ऐकवलं. तिकडच्या दक्षिणेतल्या गरीब गोऱ्या-काळ्यांचं जुनं संगीत आणि पंकचा आरडाओरडा यांचं ते मिश्रण. सायकोबिली म्हणतात त्याला. खरं सांगते, माझ्या कानाला ते झेपलं नाही. पण तिने एक गोष्ट सांगितली ती लक्षात राहिली. त्या बँडची गिटार एक बाई वाजवायची, पॉयझन आयव्ही. ऐकणारे तिच्या कपड्यांवर बोलत, पण बँडच्या स्वतःच्या गाण्यांखाली रचनाकार म्हणून गायकाबरोबर तिचंही नाव छापलेलं आहे. कपड्यांवर बोलणारे बोलत राहिले, छापलेलं नाव मात्र पुसता येत नाही.

आता थोडं स्वतःकडे बघू. आपल्या चळवळीच्या गाण्यांची वही काढा. आमच्या वहीत चार गाण्यांवर लिहिलं आहे, 'चाल : कोळीगीत'. एक तर माझंच आहे. चाल कुणाकडून शिकले? आतेकडून. लिहिलं का? नाही. कॅसेटवाल्यांनी 'पारंपरिक' लिहिलं, मी 'कोळीगीत' लिहिलं. फरक एवढाच, की मी त्यावर पैसे कमावले नाहीत आणि तिला साडीही दिली नाही.

म्हणून बैठकीत आम्ही तीन गोष्टी ठरवल्या. एक, आमच्या वहीत प्रत्येक चालीपुढे ती जिच्याकडून शिकलो तिचं नाव आणि गाव, तिला विचारून, लिहायचं. दोन, आसपासच्या गावांत ज्या धवलारणी आहेत त्यांचे धवले पूर्ण, त्यांच्याच लयीत, फोनवर ध्वनिमुद्रित करायचे. त्याची प्रत आधी तिच्या घरी द्यायची आणि तिच्या परवानगीशिवाय कुणाला द्यायची नाही. तीन, यापुढे आपल्यातली कुणी रेकॉर्डिंगला गेली तर नाव आणि मोबदला कागदावर घेतल्याशिवाय माइकपुढे उभी राहायची नाही.

बैठक संपताना त्या कॉलेजच्या मुलीने कॅसेटचं वेष्टन मागून घेतलं. 'कोरस' या शब्दापुढे तिने निळ्या पेनाने आतेचं नाव लिहिलं. बाकी दोन नावांसाठी जागा मोकळी ठेवली आहे. त्या दोघींपैकी एक उरणकडे दिलेली होती, एवढंच आम्हाला आठवतं. शोध चालू आहे.