समूहगायनाचा विसरलेला धडा

सकाळी यवतमाळ, दारव्हा वा वणी येथील एखाद्या शाळेवरून जावे, तो प्रार्थनेचे स्वर कानी येतात. शाळाशाळांत रुजलेल्या दोन प्रार्थना 'दो आँखें बारह हाथ' (१९५७) आणि 'गुड्डी' (१९७१) या चित्रपटांतून आल्या आहेत. दोहोंचे संगीतकार एकच, वसंत देसाई, हे मात्र थोड्यांनाच ठाऊक असते.

आजच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातील सोनवडे येथे १९१२ साली जन्मलेल्या देसाईंची उमेदवारी 'प्रभात'मध्ये झाली. १९६६ साली संयुक्त राष्ट्रसंघात एम. एस. सुब्बुलक्ष्मींनी गायिलेल्या 'मैत्रीं भजत'ची चालही त्यांचीच. एवढी कीर्ती लाभलेला हा कलावंत 'एक सूर, एक ताल' या उपक्रमातून हजारो शाळकरी मुलांकडून समूहगान बसवून घेत असे. १९७५ साली त्यांचे अपघाती निधन झाले.

समूहगायनात खणखणीत आवाजाला आवर घालावा लागतो, दबलेल्याला धीर द्यावा लागतो आणि शेजाऱ्याचा स्वर ऐकल्याखेरीज आपला लागत नाही. नागरिकशास्त्राचा याहून चांगला धडा कोणता? विदर्भाला तो नवा नाही. तुकडोजी महाराजांनी सामुदायिक प्रार्थनेतून गावेच्या गावे एका सुरात आणली होती.

कर्जाने पिचलेल्या या जिल्ह्यात संगीताचे कौतुक कशाला, असे कोणी विचारील. अर्थशास्त्राचा अध्यापक म्हणून माझे उत्तर असे, की गाणारा एक वाढला म्हणून इतरांचा वाटा घटत नाही, अशी संपत्ती विरळाच. तिला भांडवल लागते ते एका पेटीचे आणि एका जाणत्या शिक्षकाचे.

अडचण शिक्षकाचीच आहे. शिक्षण हक्क कायद्याने (२००९) कलाशिक्षणासाठी अंशकालीन निदेशकाची तरतूद केली. परंतु ती सहावी ते आठवीच्या वर्गांपुरती, आणि तीही पटसंख्या शंभरावर असेल तेथेच. म्हणजे लहान गावातील आणि कोलाम पोडावरील मुले वगळलीच गेली! जिल्हा परिषदेने प्रत्येक केंद्रासाठी एक फिरता संगीतशिक्षक नेमावा. आठवड्यातून एक तास प्रत्येक शाळेच्या वाट्याला आला तरी पुष्कळ झाले.

प्रार्थना रोज होतेच. ती मुलांना नीट गाता यावी, एवढेच मागणे आहे.