शोभण्याचे माप कुणाचे?

जयंतीच्या मिरवणुकीला पांढरी साडी नेसून आलेल्या बाईला "तुला शोभत नाही, जाड दिसतेस" किंवा "काळ्या अंगावर हा रंग उठत नाही" असे आपल्याच माणसांनी सुनवावे, याला आम्ही प्रेमाचा सल्ला मानत नाही. गोरे, सडपातळ शरीर हेच माप धरून बाकी शरीरांना उणे ठरवणे ही विषमताच आहे.

डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनीही स्त्रियांना पेहरावाबद्दल सांगितले होते. लुगडे नेसण्याची पद्धत बदला, गळ्याहातातले कथलाचे-चांदीचे जड दागिने उतरवा. त्यांचा रोख कुणाच्या शरीरावर नव्हता. अस्पृश्यता ओळखू देणाऱ्या खुणांवर होता. जे बदलता येते, तेच त्यांनी बदलायला सांगितले.

मग आपण काहीच बोलू नये का? जरूर बोलावे. सम्यक वाचेत खोटी स्तुती बसत नाही, तसे कठोर बोलणेही बसत नाही. खरे आणि हिताचे असले तरी तथागत ते वेळ पाहूनच बोलतात, असे अभयराजकुमार सुत्त सांगते. म्हणून विचारल्यावर बोलावे, एकटीला गाठून बोलावे आणि कपड्याबद्दल बोलावे: "ताई, ब्लाउज दंडात घट्ट होतोय, एक शिलाई उसवली की मोकळा होईल." हे घरून निघण्याआधी सांगितले तर उपयोगाचे, मिरवणुकीत चारचौघींसमोर सांगितले तर तो नुसता अपमान.

आणि तिला ती साडी तशीच आवडत असेल, तर आपले मत आपल्यापाशी ठेवावे.

जय भीम!