स्टेंट बसला, पुढे काय?

अँजिओप्लास्टी झाली की दोन-चार दिवसांत पेशंट घरी जातो. हातात फाइल, गोळ्यांची पिशवी आणि कानात एकच वाक्य : ‘आता जपून राहा.’ जपायचं म्हणजे नेमकं काय, हे मात्र कुणी नीट सांगत नाही. मग घरचे आपापल्या परीने अर्थ लावतात. जिना नको, बादली उचलायला नको, शेतात जायचं तर नावच नको. पन्नाशीचा कमावता माणूस घरात बसून राहतो. काही महिन्यांनी ओपीडीत येतो तेव्हा वजन वाढलेलं असतं, काम सुटलेलं असतं आणि ‘बरं वाटतंय’ म्हणून रक्त पातळ ठेवणारी गोळीही परस्पर बंद केलेली असते. ही गोळी अशी मध्येच सोडली, तर स्टेंटमध्ये गुठळी होऊन पुन्हा झटका येऊ शकतो.

पडून राहण्याची ही शिकवण मुळात आम्हा डॉक्टरांचीच. एकेकाळी झटक्यानंतर सहा-सहा आठवडे अंथरुणावरून हलू देत नसत. बोस्टनच्या लेव्हिन आणि लाऊन या डॉक्टरांनी पहिल्या काही दिवसांतच रुग्णांना खुर्चीत बसवलं आणि १९५२ मध्ये ते अनुभव प्रसिद्ध केले. १९५५ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांना झटका आला. पुढच्याच वर्षी ते निवडणूक लढवून जिंकले. हृद्रोग-पुनर्वसनाचा विचार अशा अनुभवांतून पुढे आला.

त्यात व्यायाम आहेच, पण तेवढंच नाही. सहा मिनिटं चालायला लावून क्षमता पाहायची, मग काही आठवडे देखरेखीखाली ती वाढवत न्यायची. सोबत तंबाखू सोडवणं, गोळ्या समजावणं, मनातली भीती काढणं. पती-पत्नी संबंधांविषयीही तिथे बोलता येतं. एरवी तो प्रश्न ओपीडीच्या गर्दीत ओठांवरच राहतो. अशा कार्यक्रमांमुळे हृदयविकाराने होणारे मृत्यू आणि पुन्हा भरती व्हायची वेळ, दोन्ही कमी होतात, असं अनेक अभ्यास एकत्र तपासल्यावर दिसलं आहे. भारतात २४ केंद्रांवर सुमारे चार हजार रुग्णांमध्ये योगाधारित पुनर्वसन तपासलं गेलं. मृत्यू किंवा पुन्हा येणारे झटके कमी झाल्याचं त्यात ठामपणे सिद्ध झालं नाही, हे सांगायलाच हवं. पण रुग्ण आपल्या नेहमीच्या कामांकडे अधिक चांगल्या रीतीने परतले.

सरकारी योजनेतून गरिबाचीही अँजिओप्लास्टी मोफत होते, ही मोठी गोष्ट आहे. पण एवढा खर्च करून बसवलेल्या स्टेंटची पुढची काळजी नशिबावर का सोडायची? त्यासाठी महागडी यंत्रं लागत नाहीत. एक फिजिओथेरपिस्ट, एक प्रशिक्षित परिचारिका, मोकळा व्हरांडा, रक्तदाबाचं यंत्र, हाकेच्या अंतरावर डॉक्टर आणि तातडीच्या उपचारांची सोय. जिल्हा रुग्णालयाने आठवड्यातल्या दोन दुपारी यासाठी राखून ठेवाव्यात आणि पहिली तारीख डिस्चार्ज कार्डावरच लिहावी. लांबच्या गावच्या पेशंटला फोनवरून विचारपूस करता येते. आणि बायकांना यातून वगळू नये. ‘घरकामात व्यायाम होतोच की’, असं म्हणून त्यांना कुणी पाठवतच नाही.

तोवर घरी जाण्याआधी डॉक्टरांना तीन गोष्टी विचारून, लिहून घ्या : किती चालायचं, कामावर कधी जायचं, कोणती गोळी किती महिने. चालताना सोबतच्या माणसाशी बोलता आलं, तर वेग साधारण ठीक समजावा. छातीत दुखलं, चक्कर आली किंवा नेहमीपेक्षा जास्त दम लागला, तर तिथेच थांबा. बसूनही बरं वाटेना, तर वाट न बघता १०८ ला फोन करा.